पट्टेवाल्यांचं चौथं दान

“काळा पट्टा म्हणजे, आता तुम्हाला शिकवायला हरकत नाही, एवढंच,” असं पट्टेवाले एकदा म्हणाले होते.

विचारणारी एका मुलीची आई होती. पोरीला काळा पट्टा कधीपर्यंत मिळेल, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. माणूस आपल्याला उडवून लावतोय असं वाटून ती म्हणाली, “मग हे पिवळे-हिरवे कशाला मधे?”

“वाट बघायला काहीतरी लागतं ना, बाई.”

ते आमच्या विमा कंपनीच्या ऑफिसात पट्टेवाले होते. फायली या टेबलावरून त्या टेबलावर न्यायच्या, साहेबांच्या खोलीबाहेर स्टुलावर बसायचं, घंटी वाजली की आत जायचं, आलेल्याला पाणी द्यायचं. संध्याकाळी त्याच इमारतीच्या तळघरात, टेबल टेनिसचं टेबल मिटवून भिंतीला उभं केलं, की ते कराटे शिकवत. तेव्हा कमरेला काळा पट्टा. असा माणूस ऑफिसात असल्यावर विनोद कुणाला करावा लागत नाही, तो आयताच पडलेला असतो. नवा कारकून आला की हेडक्लार्कबाई ओळख करून देत, “हे आमचे पट्टेवाले. वरच्या मजल्यावर नावाचे, तळघरात खरे.” पट्टेवाले हसत. वर्षानुवर्षं तोच विनोद आणि तेच हसू. दोन्हींची धार गेली होती, पण दोन्ही चालत होती.

अंगाने बारीक, चालणं आवाज न करणारं. मागे येऊन उभे राहिले तरी कळायचं नाही. टेबलावर फाईल दिसली की समजायचं, येऊन गेले.

काळा हा बाहेरून एकच रंग, पण त्याच्या आत पायऱ्या असतात. त्या पायरीला दान म्हणतात. शब्द जपानी आहे. आपल्याकडे आला आणि आपल्याच एका जुन्या शब्दाचे कपडे घालून बसला. पहिलं दान, दुसरं दान, तिसरं. पट्टेवाल्यांना तिसरं मिळालं तेव्हा त्यांची बायको होती. घरी पेढे आणलेत का असं शेजारणीने विचारल्यावर ती म्हणाली, “दान घेऊन आलेत. घेतलेल्या दानाचे कसले पेढे?”

“अगं, हे घ्यायचंच दान असतं,” पट्टेवाले म्हणाले.

“त्याला भीक म्हणतात.”

पुढे कितीतरी दिवस तो तिचा लाडका टोमणा होता. पट्टा जुना होऊन त्याचं काळं विरायला लागलं, आतली पांढरी सुती पट्टी दिसायला लागली, तेव्हा तिने तो काळ्या दोऱ्याने रफू करून दिला. खरं तर तसं करत नाहीत. विरलेला पट्टा विरू देतात. पट्टेवाल्यांनी तिला सांगितलं नाही. रफू केलेलाच बांधला.

एकदा दुपारी, ऑफिसात काम नसताना, मी त्यांना या दानांचा अर्थ विचारला होता. ते स्टुलावर बसून गोंदाची बाटली साफ करत होते. म्हणाले, “पहिलं म्हणजे उभं राहता आलं. दुसरं म्हणजे चालता आलं. तिसरं म्हणजे आपण कसे चालतो ते आपल्याला दिसायला लागलं.”

“आणि चौथं?”

“ते माझ्याकडे कुठंय? मला काय माहीत.”

बायको गेली ती बारा दिवसांच्या तापात. घरात ते आणि मुलगी उरले. मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला होती, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे काचा बदलून ‘हे स्पष्ट की ते’ विचारायची. पट्टेवाले सुट्टी संपायच्या आधीच कामावर आले. त्याच संध्याकाळी तळघरातला वर्गही घेतला. साहेबांनी त्यांना खोलीत बोलावून खुर्चीवर बसवलं, जे एरवी कधी होत नसे. म्हणाले, “तुमचं बघून आम्ही शिकायचं. काळा पट्टा उगाच नाही मिळत.” बाहेर येऊन पट्टेवाल्यांनी दार ओढून घेतलं आणि स्टुलावर बसले. आम्ही सगळ्यांनी मनात तेच म्हटलं, की याला म्हणतात माणूस.

मुलीने मात्र घरी विचारलं होतं. हे तिनेच नंतर सांगितलं. “बाबा, तुम्हाला काही वाटत नाही का?”

“वाटत असेल,” ते म्हणाले. “अजून पोचलं नसेल.”

ती स्वतः ब्राऊन पट्ट्यापर्यंत आली होती. आई गेल्यावर तिने सोडलं. त्यांनी का म्हणून विचारलं नाही.

मग कराटे संघटनेचा नवीन नियम आला. जिथे शिकवणाऱ्याकडे चौथं दान नाही, तो वर्ग जवळच्या मोठ्या वर्गात मिसळायचा. जवळचा मोठा वर्ग म्हणजे जिमवाल्याचा. जिमवाला पट्टेवाल्यांचाच विद्यार्थी. तळघराच्या गार फरशीवर पहिल्यांदा मूठ वळायला शिकला होता, आता त्याच्याकडे आरसे लावलेला हॉल होता, गाद्या होत्या आणि चौथं दान होतं. पोरगा वाईट नव्हता. तो मिठाईचा पुडा घेऊन ऑफिसात आला आणि स्टुलाशेजारी उभा राहून म्हणाला, “सर, काळजीच करू नका. आमच्याकडे या. तुम्हाला खुर्ची टाकून देतो. नुसतं बसायचं, पोरांवर लक्ष ठेवायचं.”

“बसायचं काम मला दिवसभर असतंच,” पट्टेवाले म्हणाले.

जिमवाला हसला. आपल्याला नाही म्हटलंय, हे त्याला जिना उतरेपर्यंत कळलं नसावं.

परीक्षा पावसाळ्यानंतर होती. चौथं दान मिळालं तर तळघर राहणार, नाही तर टेबल टेनिसचं टेबल कायमचं उघडं राहणार. मुलगी उशिरा घरी यायची. वर्ग गेला असता तर पट्टेवाल्यांकडे संध्याकाळ उरली असती, आणि तिचं काय करायचं हे त्यांना माहीत नव्हतं. ते कुणाला असं म्हणाले नाहीत. पण हल्ली साडेपाच वाजले की ते स्टुलावरून आपोआप उठत, घंटी वाजली नसली तरी.

टाचणीची गोष्ट त्याच दिवसांतली. ते घरी जेवून पाय पसरून बसले होते, मुलगी समोरून ताट उचलायला वाकली, तर तळव्यात काहीतरी चमकलं. ऑफिसची टाचणी, डोक्यापर्यंत आत गेलेली. भोवती रक्त सुकून काळं झालेलं.

“बाबा, हे कधी लागलं?”

“काय?”

तिने टाचणी उपटली. ते तिच्या हाताकडे बघत होते, तो पाय दुसऱ्याच कुणाचा असावा तसे.

साखर होती हे त्यांना ठाऊक होतं. गोळी घेत होते, आठवण राहील तेव्हा. दवाखान्यात डॉक्टरने त्यांना डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनच्या एका ताठ धाग्याचं टोक तळव्याला जागोजागी टेकवायला सुरुवात केली. “लागलं की हो म्हणा.” पट्टेवाले “हो” म्हणाले. थोड्या वेळाने परत “हो”. मुलगी बाजूला उभी होती. तिच्या लक्षात आलं की डॉक्टरच्या कोटाची बाही सळसळली की ते हो म्हणतायत. समोरचा हलायच्या आधी त्याचा कपडा हलतो, हे त्यांनीच पोरांना शिकवलं होतं.

डॉक्टरने हात मांडीवर ठेवला आणि नुसतीच बाही झटकली.

“हो,” पट्टेवाले म्हणाले.

“आत्ता मी हातच लावला नव्हता, काका.”

पट्टेवाल्यांनी डोळे उघडले. डॉक्टर वयाने लहान होता, त्याला हसू आलं आणि मग त्याने ते आवरलं. म्हणाला, तळव्यांच्या शिरा गेल्यात. गेलेलं परत यायचं नाही, उरलेलं सांभाळायचं. अनवाणी चालायचं नाही, घरातसुद्धा नाही. लागलं तर कळणार नाही, कळलं नाही तर चिघळेल, चिघळलं तर कापावं लागेल. हे सगळं त्याने औषध कधी घ्यायचं ते सांगावं तशा आवाजात सांगितलं.

कराटे अनवाणी करतात.

दोघं रिक्षाने निघाली. घराच्या कोपऱ्यावर मुलगी म्हणाली, “परीक्षा द्या. चौथं घ्या. मग बूट घालून शिकवा. तुम्हाला कोण विचारतंय तेव्हा?”

“सांगायला हवं त्यांना.”

“सांगितलंत तर हॉलमधे पाऊल ठेवू देणार नाहीत.”

“हं.”

“मग? हं म्हणजे काय?”

“हं म्हणजे हं.”

त्यांनी सांगितलं नाही. पण तयारी सुरू केली, आणि तिथे खरी अडचण निघाली. परीक्षेत काता करून दाखवायचा असतो. काता म्हणजे ठरलेल्या चालींचा क्रम, समोर नसलेल्या माणसांशी केलेली मारामारी. त्यात वळताना टाच कुठे टेकली हे पाय सांगतात. पट्टेवाल्यांचे पाय आता काही सांगत नव्हते. केव्हापासून ते त्यांनाही आठवत नव्हतं. हळूहळू त्यांनी नकळत डोळ्यांनी काम भागवायला सुरुवात केली होती. पाऊल टाकायचं आणि खाली बघून घ्यायचं. तिसऱ्या दानाच्या माणसाची नजर जमिनीवर, याहून वाईट काही नाही.

मुलगी बाहेरच्या खोलीतलं टेबल सरकवायची, खुर्ची कॉटवर चढवायची आणि समोर उभी राहायची.

“नजर खाली गेली.”

ते पहिल्यापासून सुरू करत.

“परत गेली.”

“तू बोलतेस म्हणून जाते.”

“मी गप्प बसले तरी जातेच. मगाशी गप्पच होते.”

शेवटी त्यांनी आवाजावर भिस्त ठेवली. तळवा फरशीवर पूर्ण पडला की एक आवाज, कड पडली की दुसरा. ते कान देऊन चालायला शिकले. आयुष्यभर बिनआवाजी चाललेला माणूस पाय वाजवायला लागला. ऑफिसात आम्हाला आता ते येताना कळायचे. हेडक्लार्कबाई म्हणाल्या, “पट्टेवाले, अंगात आलंय का काय तुमच्या? धाडधाड चालता.” ते हसले. तेच जुनं हसू.

सराव झाला की मुलगी दुकानातून आणलेला लहान आरसा त्यांच्या तळव्यांखाली धरून बघायची. मग मलम लावायची. ते भिंतीकडे बघत बसायचे. बोटं फिरतायत हे त्यांना फक्त तिच्या खांद्याच्या हालचालीवरून कळे.

परीक्षेला मी गेलो होतो. ऑफिसातून कुणीतरी जावं म्हणून. हॉल मोठा, लाकडी जमिनीचा. भिंतीलगत वेगवेगळ्या वर्गांची पोरं मांडी घालून बसलेली, त्यात तळघरातलीही. समोर टेबलामागे तिघं परीक्षक. मधले मोठे सर. म्हातारे, पांढऱ्या भुवयांचे, सातव्या दानाचे. सगळे त्यांच्यासमोर आवाज खाली आणून बोलत होते.

आधी धाकट्या दानांच्या परीक्षा झाल्या. त्यात लाकडाच्या फळ्या फोडायच्या असतात. फळ्या फुटल्या, टाळ्या झाल्या, तुकडे उचलले गेले, कुणीतरी झाडू फिरवला. मग पट्टेवाल्यांना बोलावलं.

ते मध्यभागी गेले, वाकले, उभे राहिले. पहिलं पाऊल टाकलं आणि मला दिसलं की त्यांचा चेहरा किंचित बदलला. लाकूड वेगळं वाजत होतं. खालून पोकळ. तळवा पडला काय आणि कड पडली काय, सगळ्याला तोच घुमणारा ढप असा आवाज. त्यांनी ऐकत शिकलेलं सगळं एका पावलात गेलं. तरी त्यांनी खाली बघितलं नाही. पुढे गेले, वळले, हात हवा कापत गेला, पाय उचलला, ठेवला. मुलगी माझ्या शेजारी उभी होती. तिचे ओठ हलत होते, बहुतेक ती चाली मोजत होती.

तिसऱ्या वळणानंतर जमिनीवर ठसे दिसायला लागले. उजव्या पावलाचे, लाल. पहिले नुसते कडेचे, मग पूर्ण. पट्टेवाले पुढे जात होते तसे ते त्यांच्या मागे उमटत होते, त्यामुळे सगळ्या हॉलला दिसले आणि त्यांना नाही. पोरांमधे कुजबुज झाली. बाजूच्या परीक्षकाने हात वर केला, मोठ्या सरांनी तो खाली घेतला. पट्टेवाले शेवटच्या टप्प्यात मागे वळले आणि तेव्हा त्यांच्या वाटेत ते ठसे आले. ते एक क्षण थबकले. नंतर मुलीला त्यांनी सांगितलं, त्यांना वाटलं होतं की आधीच्या कुठल्या तरी पोराला लागलंय, आणि पुसायचं कसं राहिलं. त्या रक्तावरून ते पुढे गेले, काता पूर्ण केला, वाकले.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मोठे सर उठले. म्हातारे पाय ओढत टेबलाला वळसा घालून आले, पट्टेवाल्यांच्या बाजूला उभे राहिले आणि पोरांकडे वळून म्हणाले, “बघून ठेवा. फळीचा केवढा तुकडा घुसलाय पायात. चेहऱ्यावर काही दिसलं? पापणी हलली? याला काळा पट्टा म्हणतात. बाकी सगळं कापड.”

तेव्हा पट्टेवाल्यांनी खाली बघितलं. पाय उचलून तळवा वळवून बघितला. करंगळीएवढं लाकूड आडवं रुतलेलं होतं.

“सर,” ते म्हणाले, “मला जाणवलं नाही.”

हॉल टाळ्यांनी दणाणला. मोठ्या सरांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. “ऐका, ऐका. जाणवलं नाही म्हणतायत. याला म्हणतात साधना.”

“तसं नाही सर. खरंच जाणवलं नाही.”

टाळ्या आणखी वाढल्या. जिमवाला उभा राहून वाजवत होता, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझेही हात वाजत होते. आपण का वाजवतोय ते कळायच्या आत ते वाजायला लागले होते.

मुलगी कापूस आणि पट्टी घेऊन धावली, खाली बसली, लाकूड ओढून बाजूला टाकलं आणि पाय बांधायला लागली. परीक्षकांनी टेबलावरून नवा पट्टा आणला, चार सोनेरी रेघांचा. मोठ्या सरांनी तो दोन्ही हातांत घेतला. पट्टेवाले त्यांच्याजवळ झुकून हळू बोलले. मी मुलीला पाण्याचा तांब्या द्यायला तिथेच वाकलो होतो, म्हणून मला ऐकू आलं.

“साखर आहे मला. पाय मेलेत दोन्ही. उघड्या पायाने उभं राहायला डॉक्टरची मनाई आहे. मी आधी सांगायला हवं होतं. हे पोरांना सांगा, सर.”

मोठ्या सरांनी मुलीने बांधलेल्या पट्टीकडे बघितलं. मग पोरांकडे. टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या. त्यांचा चेहरा दयाळूच राहिला.

“आता कशाला?” ते म्हणाले. “दान पडलंय तुमच्या बाजूने. दान पडलं की सोंगटी पुढे सरकवायची. सोंगटीला कुणी विचारत नाही. वर्ग राहतोय ना तुमचा? मग.”

“पोरांना काय वाटेल?”

“चांगलंच वाटेल. वाटतंयच.”

पट्टेवाल्यांनी वर बघितलं. मुलीने खालूनच त्यांची विजार ओढली. घ्या, असं ती नुसत्या ओठांनी म्हणाली. तिला तळघर हवं होतं, तिच्यासाठी नाही, त्यांच्यासाठी. पण त्यांची नजर तिच्या पलीकडे गेली.

भिंतीशी बसलेल्यांमधली त्यांच्याच वर्गातली एक मुलगी, पिवळ्या पट्ट्याची, पुढे सरकून जमिनीवरून काहीतरी उचलून घेऊन गेली होती. तेच लाकूड. तिने त्याचं टोक आपल्या तळहातात रोवलं होतं आणि ती शेजारणीला चेहरा दाखवत होती. “बघ हं. बघ. काही होत नाही मला. पापणी बघ.” शेजारीण अगदी जवळ वाकून पापणी बघत होती. मागच्या पोराने हात पुढे केला होता. “मला दे ना. आता माझा नंबर.” त्या मुलीचा खालचा ओठ थरथरत होता आणि ती तो दातांखाली धरून स्थिर ठेवत होती.

पट्टेवाल्यांनी स्वतःच्या मुलीच्या हातातून पाय सोडवून घेतला. पट्टीचं टोक सुटंच राहिलं. ते हॉल ओलांडून भिंतीपाशी गेले. सगळ्यांना वाटलं, आपल्या पोरांना भेटायला चाललेत, टाळ्यांना पुन्हा जोर चढला. ते त्या मुलीसमोर खाली बसले. तिची मूठ उघडली. लाकूड काढून घेतलं. तिच्या तळहातावर लाल ठिपका होता, त्यावर त्यांनी अंगठा दाबून धरला. दाबला तशी ती इतका वेळ आवरलेलं सगळं सोडून रडायला लागली. तिचं रडू पुरतं मोकळं होईस्तोवर त्यांनी अंगठा काढला नाही. मग उठले.

मोठे सर पट्टा पुढे धरून उभे होते. “या,” ते म्हणाले, आता जरा मोठ्याने.

दाराकडे जायची वाट त्यांच्याजवळूनच होती. पट्टेवाले त्यांच्याजवळ आले, वाकले, जसं वाकायचं असतं तसं, आणि लोंबणाऱ्या त्या चार रेघांना हात न लावता पुढे गेले. दारात त्यांच्या चपला होत्या. मुलीने मागून हाक मारली, “बाबा.” त्यांनी चपलांकडे बघत एक पाय आत घातला, मग दुसरा, दोन्ही नीट बसलेत का ते वाकून हाताने चाचपून बघितलं. लाकूड अजून त्यांच्या मुठीत होतं. टाळ्या थांबल्या तेव्हा ते दाराबाहेर पडले होते.